कोजागरीची ओळ

निहारिकानं तिसऱ्यांदा एंटर दाबलं आणि तिसऱ्यांदा तीच लाल अक्षरं पडद्यावर खालून वर सरकत गेली. तिनं खुर्ची मागे ढकलली. शेजारी स्टुलावर बसलेल्या मोघे सरांनी चष्मा कपाळावर चढवला, पडद्याजवळ तोंड नेलं आणि शेवटची ओळ एकेक अक्षर लावत वाचली. कळली नाही ती नाहीच.

"काय म्हणतंय?"

"दादाच्या फोल्डरमधली लायब्ररी, म्हणजे गणितांचा तयार कोड, दुसऱ्या प्रोसेसरसाठी बनलेली आहे, असं म्हणतंय. त्याच्या जुन्या लॅपटॉपचा प्रोसेसर वेगळ्या जातीचा होता, बाबा. माझा हा एआरएमवाला आहे. ह्याला ती चालत नाही."

"म्हणजे लिहिलेलं तेच, पण ह्याला वाचता येत नाही."

"हां, तसंच समजा."

स्वयंपाकघरातून प्रतिभाताईंनी विचारलं, "लागलं का गं?"

"नाही अजून, आई. थोडी दिक्कत आहे."

"लागेल. त्याचं काम पक्कं असायचं."

मोघे सरांनी चष्मा परत नाकावर घेतला आणि खिडकीकडे बघत बसले. यशोधनचं काम पक्कं असायचं, ह्यावर त्यांचं मत वेगळं होतं आणि ते घरात निदान दोघांना तरी ठाऊक होतं. त्यातला एक आता नव्हता.

यशोधनला जाऊन अकरा महिने झाले होते. एकोणचाळीस वर्षांचा, लग्न केलं नव्हतं, इंदूरला नोकरी. दर शनिवारी संध्याकाळी उज्जैनला देवास गेटला उतरून माधव नगरच्या घरी चालत यायचा आणि सोमवारी पहाटे परत जायचा. त्याच्यामागे त्याचा लॅपटॉप बाहेरच्या खोलीतल्या टेबलावर पडून होता. प्रतिभाताई रोज तो फडक्यानं पुसायच्या. भाद्रपदात कधीतरी त्यानंही डोळे मिटले. दुकानदारानं आतलं सगळं एका पेनड्राइव्हवर काढून दिलं आणि लॅपटॉप तसाच परत केला. प्रतिभाताई तो तसाच रोज पुसत राहिल्या.

त्या सगळ्यात एक फोल्डर होतं, 'मोघे पंचांग' नावाचं. बापाची फिरकी घ्यायची म्हणून दिलेलं नाव. पायथनमध्ये लिहिलेला लहानसा प्रोग्राम. तारीख, वेळ आणि गाव दिलं की तो सूर्य-चंद्राची गणितं करून तिथी सांगायचा. दिवाळीला यशोधन त्यातून एक कागद छापायचा. घरातल्या सगळ्यांचे तिथीनं येणारे वाढदिवस, आजी-आजोबांची श्राद्धं, सगळं पुढच्या वर्षाचं एका कागदावर. तो कागद प्रतिभाताई फ्रिजला लावायच्या आणि वर्षभर त्याच्यावरच चालायच्या.

गुरुवारी रामघाटावरून विष्णू गुरुजींचा फोन आला, म्हणून हा कागद आठवला.

"सर, वर्षश्राद्धाची तिथी नक्की करून सांगा न. आमच्याकडे दोन पंचांगं आहेत आणि दोन्हींत फरक येऊन राहिलाय. एकात एकादशी पाच एकतीसपर्यंत आहे, दुसऱ्यात चार चव्वेचाळीसलाच संपली. आणि दवाखान्याच्या कागदावर गेल्याची वेळ पाच वीसची. आता मी काय धरू? तुम्ही तर गणितवाले, तुम्हीच बघा."

मोघे सर छत्तीस वर्षं सरकारी शाळेत गणित शिकवत होते. उत्तर बरोबर आणि एकक लिहायचं राहिलं, तरी गुण कापत. अर्धा गुण त्यांनी कुणाला दिल्याचं ऐकिवात नव्हतं. शाळा कधीच सोडून गेलेली, नातवंडं झालेली माणसं अजूनही बाजारात त्यांना पाहून रस्त्याची बाजू बदलत. त्यांना हा प्रश्न गुरुजींनी विचारायची गरजच नव्हती.

पण फोन स्पीकरवर होता आणि प्रतिभाताई शेजारीच मेथी निवडत होत्या. त्यांनी हातातली जुडी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "यशोधनच्या पंचांगात बघा. तो सांगेल तीच धरायची. पण ती एकादशीच आहे. मोक्षदा."

यशोधन गेला त्या पहाटे दवाखान्याच्या व्हरांड्यात एक अनोळखी बाई त्यांच्या शेजारी बसली होती. एकादशीच्या उपासाची होती, तिचंही कुणी आत होतं. प्रतिभाताईंच्या पाठीवर हात ठेवून ती म्हणाली, "माताजी, ग्यारस अभी उतरी नहीं है. मोक्षदा ग्यारस है. आपके बेटे के लिए दरवाज़े खुले हैं." तिचं नाव त्यांनी विचारलं नाही, चेहराही आता नीट आठवत नव्हता. ते वाक्य मात्र त्यांनी अकरा महिने जपलं होतं. देवळात, फोनवर, दारावर आलेल्या भाजीवाल्यालासुद्धा सांगायच्या. माझा मुलगा मोक्षदा एकादशीला गेला. एवढं सांगून झालं की त्यांना जेवण जायचं.

म्हणून आज रविवारी निहारिका सकाळच्या बसनं इंदूरहून आली होती. तीही कंप्यूटरमध्येच, पण ती दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका शोधायची. मोघे सरांना तिच्या नोकरीचा त्यामुळे थोडा जास्त आदर होता.

"जुनं फोल्डर जसंच्या तसं नाही चालणार," ती म्हणाली. "त्यातली तयार लायब्ररी काढून टाकते आणि इंटरनेटवरून नवीन टाकते."

तिनं तसं केलं. पट्टी सरकू लागली, थांबली, आणि पुन्हा लाल अक्षरं. ह्या वेळी पानभर.

"आता काय?"

"दादानं एका ठरावीक जुन्या व्हर्जनचा आकडा लिहून ठेवलाय. ते व्हर्जन निघालं तेव्हा एआरएमसाठी तयार करून कुणी ठेवलंच नव्हतं. मूळ कोड आहे, पण तो इथेच, ह्या मशीनवर तयार करायचा. त्याला कंपायलर लागतो. तो माझ्याकडे नाही."

मोघे सरांनी मान हलवली. "गिरणीचं पीठ मिळत नाही. गहू आहेत, पण घरात जातं नाही."

निहारिका हसली. ह्या घरात बऱ्याच दिवसांनी कुणी हसलं होतं आणि तिचं तिलाच ते कसंसं झालं. "जातं मागवते," ती म्हणाली. "पण मोठं आहे. एक तास तर जाईल."

त्या तासात प्रतिभाताईंनी पोहे आणून दिले, वर शेव, आणि उभ्या उभ्याच पडद्याकडे बघत राहिल्या. "हे निळं निळं पुढे चाललंय ते काय?"

"सामान येतंय, आई. मग बनवायचं."

"फिकर नको करू. बसशील न संध्याकाळपर्यंत?" त्यांनी पडद्याच्या कडेवरून पदर फिरवला आणि आत गेल्या.

त्या आत गेल्या हे नीट ऐकून घेऊन मोघे सरांनी टेबलाचा खण ओढला. त्यातून दोनशे पानी वही काढली आणि मुलीसमोर उघडी ठेवली. पेन्सिलीनं लिहिलेले आकडे, तीन पानं भरून. प्रत्येक पानाच्या शेवटी एक चौकट आणि चौकटीत वेळ. चार त्रेपन्न. चार त्रेपन्न. चार त्रेपन्न.

निहारिकानं पाहिलं आणि तिला लगेच कळलं. "एकादशी आधीच संपली होती."

"चार त्रेपन्न. तो गेला तेव्हा द्वादशी लागली होती. सत्तावीस मिनिटं झाली होती लागून." त्यांचा आवाज फळ्यासमोर असावा तसा सरळ होता. "श्राद्धाला सूर्योदयाची तिथी नाही धरत. त्या मिनिटाला जी असेल ती."

"कधी काढलं हे?"

"तेरावं झालं, त्यानंतर. रोज दुपारी काहीतरी करायला पाहिजे होतं."

"आणि आईला नाही सांगितलं."

मोघे सर वहीची कड अंगठ्यानं सारखी करत राहिले.

"मग बाबा, मी हे कशाला करून राहिले? उत्तर तर आहे न तुमच्याकडे."

"माझ्याच्यानं नाही सांगवत." त्यांनी वही मिटली. "त्याचं मशीन सांगेल. मशीनवर तिचा विश्वास आहे. माझ्यावर रागावेल, त्याच्यावर नाही रागावणार."

निहारिकाला बापाची कीव आली. लहानपणापासून ज्या माणसाला ती घाबरत आली होती, तो आपलं सगळ्यात अवघड उत्तर मेलेल्या मुलाकडून वदवून घ्यायला बसला होता. तिनं फक्त त्यांची बशी जवळ सरकवली. पोहे गार झाले होते.

"आणि त्याच्या प्रोग्रामनं चुकीचं सांगितलं तर?" ती म्हणाली. "तुम्हीच म्हणाला होता, चूक आहे त्यात."

"एक चूक आहे," मोघे सर म्हणाले. "आहेच."

चार दिवाळ्यांपूर्वीची गोष्ट. नेहमीप्रमाणे कागद छापून आला, फ्रिजला लागला. मोघे सरांनी त्यातल्या तिथ्या सहज म्हणून ताडून पाहिल्या आणि एक चुकलेली निघाली. जेवताना सगळ्यांसमोर ते म्हणाले, "यशोधन, तुझ्या पंचांगात एक तिथी साफ चुकली आहे." यशोधननं आईकडे पाहिलं, मग ताटाकडे. "असेल बाबा. चूक असेल. नंतर बघतो." कोणती, हेसुद्धा त्यानं विचारलं नाही. 'नंतर बघतो' हे मोघे सरांच्या लेखी नापासाच्याही खालचं होतं. जेवण झाल्यावर त्यांनी तो कागद काढला, चुकलेल्या तिथीभोवती लाल पेनानं गोल केला, समासात शून्य लिहिलं आणि यशोधनच्या बॅगेवर ठेवला. सकाळी तो गेला तेव्हा कागद टेबलावर होता. त्यानंतर फ्रिजला नवा कागद लागला, दरवर्षी लागत राहिला, तीच चूक घेऊन. बापलेक क्रिकेट बोलायचे, पेन्शन बोलायचे. पंचांगाचं नाव पुन्हा निघालं नाही.

कंपायलर आला. निहारिकानं पुन्हा आज्ञा दिली. या वेळी मशीन बराच वेळ काम करत राहिलं, लॅपटॉप गरम झाला, मोघे सर पुढे वाकले, आणि मग तेच. लाल.

"व्हर्जन फारच जुनं आहे," ती कपाळ चोळत म्हणाली. "आत्ताच्या पायथनशी त्याचं जुळत नाही. दळायला गेलं तर जातंच अडतंय."

"मग सोडून दे." हे ते इतक्या पटकन म्हणाले की निहारिकानं वळून पाहिलं. त्यांनी नजर चुकवली.

"थांबा न. नवीन व्हर्जन निघालं असेल त्याचं. त्यात एआरएमसाठी तयार मिळायला पाहिजे." तिनं शोधलं. मिळत होतं. दादानं लिहून ठेवलेला जुना आकडा तिनं पुसला, नवा घातला आणि एंटर दाबलं. चार सेकंदांत काम झालं. दुपारभर जे अडलं होतं ते चार सेकंदांत, एकही लाल अक्षर न येता.

प्रोग्राम मात्र चालला नाही. अठ्ठेचाळिसाव्या ओळीवर थांबला.

"नव्या व्हर्जनमध्ये काही आज्ञांची नावं बदललीत. दादाच्या कोडमध्ये पण बदलावी लागतील. आता उघडायलाच पाहिजे."

तिनं फाइल उघडली. आजवर तिनं ती कधी पाहिली नव्हती. भावाचा हात तिला लगेच ओळखू आला. प्रत्येक कामाचा वेगळा तुकडा, मध्ये एकेक ओळ मोकळी, आणि जागोजागी स्वतःसाठी मराठीत लिहिलेल्या टिपा. 'रेखांश उज्जैनचाच. जुनी गणितं इथूनच निघायची, बाबा खूश होतील.' 'हे फार हळू चालतं, पण चालतं.' ती नावं बदलत खाली खाली गेली. मोघे सर तिच्या खांद्यावरून बघत होते. त्यांना कोड कळत नव्हता, टिपा वाचता येत होत्या.

एकशे बाराव्या ओळीवर दोघंही थांबले.

'आईची जन्मतिथी गणितानं प्रतिपदा येते. तीनदा पाहिलं. पौर्णिमा पहाटे साडेचारला संपली, आई पाच दहाची. पण आई म्हणते, मी कोजागरीची. आजी त्याच दिवशी थोरल्या लेकीला आश्विनीचं आणि वाढदिवसाचं एकदम ओवाळायची. इथे पौर्णिमाच ठेवायची. बदलू नये.'

त्याच्याखाली आणखी एक ओळ होती.

'बाबा चूक काढतील. काढू देत.'

लाल गोल ह्याच तिथीभोवती होता.

मोघे सरांनी चष्मा काढला. शर्टाच्या टोकानं पुसला, लावला, आणि दोन्ही ओळी पुन्हा वाचल्या. वाचताना ओठ हलत होते.

"हे कधी लिहिलंय, ते कळतं का?"

निहारिकानं फाइलचा इतिहास पाहिला. "त्या दिवाळीच्या आधी. दोन महिने आधी, बाबा."

म्हणजे जेवताना त्यानं ताटाकडे पाहिलं तेव्हा त्याला सगळं माहीत होतं. कोणती तिथी, किती मिनिटं. तो एक शब्द बोलला असता तर आईच्या ताटाशेजारीच तिची कोजागरी गेली असती. तो चुकलेला राहिला. बापाच्या हातचं शून्य त्यानं घेतलं आणि पुढच्या शनिवारी परत आला, पेढे घेऊन. मोघे सरांना फार वाईट वाटलं. इतकं, की हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना. शेवटी त्यांनी ते गुडघ्यांवर ठेवले.

"मला सांगायचं होतंस," ते पडद्याकडे बघून म्हणाले.

निहारिकानं उरलेली नावं बदलली. प्रोग्राम चालू झाला. तारीख विचारली, ती भरली. गाव, ते भरलं. वेळ विचारली तेव्हा तिची बोटं थांबली, आणि मोघे सरांनीच हळू आवाजात सांगितली. "पाच वीस."

पडद्यावर एक ओळ उमटली. मार्गशीर्ष शुद्ध द्वादशी. एकादशी समाप्ती पहाटे चार वाजून त्रेपन्न मिनिटे.

बापाच्या तिन्ही पानांशी तंतोतंत जुळत होतं. मुलाचा प्रोग्राम आणि बापाची पेन्सिल, मिनिटाचासुद्धा फरक नाही. दुसऱ्या कुठल्या दिवशी मोघे सरांनी ह्या आनंदात अख्खा कप चहा घेतला असता.

"बोलावू आईला?" निहारिकानं विचारलं. ती उठलीसुद्धा.

"थांब."

ती थांबली.

"ती एकशे बारावी ओळ. तशी अजून एक लिहायची असेल तर कुठे लिहायची?"

ती त्यांच्याकडे बघत राहिली. ह्या माणसानं तिचा एक मार्क कापला होता, दहावीच्या चाचणीत, स्वतःच्या मुलीचा, आणि घरी आल्यावर तो का कापला हे समजावून सांगितलं होतं.

"बाबा, तुम्ही नक्की…"

"दाखव."

ती बसली. भावाच्या ओळीच्या खाली तिनं जागा केली. त्या तारखेला, त्या वेळेला काय सांगायचं, तेवढा कोड तिनं लिहिला. टीप तुम्ही लिहा म्हणाली आणि कीबोर्ड मराठीवर करून लॅपटॉप त्यांच्यापुढे सरकवला. मोघे सर एका बोटानं लिहू लागले. जोडाक्षरं सापडत नव्हती, दोनदा सगळं पुसलं गेलं. ती मदतीला वाकली तर त्यांनी कोपरानं तिला दूर सारलं. आतून फोडणीचा आवाज येत होता. दहा मिनिटांनी त्यांनी हात काढून घेतला.

'यशोधनची तिथी गणिताने द्वादशी येते. तीनदा पाहिलं. इथे एकादशीच ठेवायची. बदलू नये.'

निहारिकानं फाइल साठवली. पुन्हा चालवून पाहिली. मग खिडकीशी जाऊन उभी राहिली, कारण तिला रडू येत होतं.

"लागलं का?" प्रतिभाताई हात पुसत दारात आल्या होत्या.

"लागलं," मोघे सर म्हणाले. ते उठले आणि आपलं स्टूल त्यांनी बायकोसाठी पुढे केलं. "बैस. तूच वाच."

त्या बसल्या. पडदा त्यांच्या बाजूला वळवलेला होता. त्यांनी बोट ठेवून वाचलं, मार्गशीर्ष, शुद्ध, एकादशी. तीन शब्द वाचायला त्यांना जेवढा वेळ लागला, तेवढा वेळ खोलीत कुणी हललं नाही. मग त्यांनी दोन्ही हात जोडले, पडद्यालाच, आणि तसेच कपाळाला लावून ठेवले. हात खाली आले तेव्हा त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. बेचाळीस वर्षं ह्या माणसाबरोबर काढली होती. तो कुठलंही उत्तर ताडल्याशिवाय मानत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार.

"तुम्ही करून पाहिलं?"

"पाहिलं."

"जुळतं?"

मोघे सरांचा हात खणाच्या कडीवर होता. आत वही होती. त्यांनी खण पूर्ण लावून घेतला.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "यशोधनचं सगळं बरोबर आहे."